मॉडर्न पेंटिंग कळायला आर्टचं शिक्षण लागतं? नाही हो!

हा गैरसमज कित्येक वर्षं फिरतोय की आजची चित्रं फक्त जाणकारांसाठी असतात, आपल्याला काय कळणार. अहो पण ती निघालेलीच असतात रोजच्या जगण्यातून! चित्रकार तय्यब मेहतांनी १९४७ च्या फाळणीच्या दंगलीत खिडकीतून एका माणसाला जमावाने मारताना पाहिलं, ते त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही, आणि मग आयुष्यभर त्यांच्या कॅनव्हासवर ती कोसळणारी माणसं येत राहिली. चित्रकार सय्यद हैदर रझांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसणारा बिंदू घ्या, लहानपणी लक्ष लागत नव्हतं म्हणून मास्तरांनी भिंतीवर काढून दिलेला ठिपका तो. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको तर स्पष्ट म्हणाला होता की मला रंगांच्या मांडणीत रस नाही, माणसाच्या मूळ भावना मांडायच्यात, आणि चित्रासमोर लोक रडतात म्हणजे त्या पोचल्या.

आता भीती, एकटेपणा, कुणीतरी गेल्यावरची ती पोकळी, हे कुणाला शिकवावं लागतं का? चित्रकाराची गोष्ट माहीत असली की अजून खोल दिसतं हे खरंय, मी नाकारत नाही, पण सुरुवात तिथून नकोच. आधी चित्राशेजारची माहितीची पाटी वाचू नका, दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा आणि काय आठवतंय ते बघा.