जुने चित्रपट, नवे चित्रपट आणि सहाचा खेळ : एक पार्श्वभूमी

पूर्वीचे मराठी चित्रपट मनात घर करून राहत आणि आताचे महिन्याभरात विसरले जातात, हे मत मराठी प्रेक्षकांत इतके रुळलेले आहे की त्याचे कारण थेट चित्रपटांच्या गुणवत्तेत शोधले जाते. कोणता चित्रपट कुठे, किती आठवडे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाहायला मिळत होता, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. मला तो सर्वांत आधी विचारावासा वाटतो.

१९३६ च्या डिसेंबरात प्रदर्शित झालेला 'संत तुकाराम' मुंबईतील एकाच चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला, तर १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने पुण्यात १३१ आठवडे मुक्काम ठोकला. इतक्या काळात प्रेक्षक एकदा पाहून मत बनवी, दुसऱ्यांदा घरच्यांना घेऊन जाऊन ते तपासून पाही आणि गाणी तर त्याला आपोआपच पाठ होत. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि शनिवारच्या मराठी चित्रपटाने हेच काम घरात बसून केले. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'चे संवाद त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाही तोंडपाठ असतात, याचे मोठे श्रेय वाहिन्यांवरील अखंड पुनःप्रक्षेपणाला द्यावे लागेल. शिवाय जुन्यांपैकी जे टिकले तेवढेच आपल्यासमोर आहेत. राष्ट्रीय पातळीवर चित्रपट जतन करणारे संग्रहालय पुण्यात १९६४ साली उभे राहिले, तोपर्यंत मूकपटांचा बहुतांश ठेवा नष्ट झालेला होता आणि बोलपटांतलेही पुष्कळ हातचे गेले होते. निवडून उरलेल्या पन्नास-शंभर जुन्या चित्रपटांशी आपण दर शुक्रवारी येणाऱ्या सगळ्या नव्या चित्रपटांची तुलना करतो, आणि ती तुलना मला न्याय्य वाटत नाही.

एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात मराठी चित्रपटाला चित्रपटगृह मिळवतानाच झगडावे लागे. १९७१ मध्ये दादरच्या एका चित्रपटगृहाने ठरलेला 'सोंगाड्या' बाजूला सारून हिंदी चित्रपट लावण्याचे ठरवले, तेव्हा एका राजकीय पक्षाला रस्त्यावर उतरावे लागले. मात्र एकदा चित्रपट लागला की सहसा बाराचा, तीनचा, सहाचा आणि नऊचा असे चारही खेळ त्याचेच असत. ज्यांना नियमित खेळ मिळत नसत त्यांच्या वाट्याला सकाळची मॅटिनी येई. बहुपडदा चित्रपटगृहे आल्यावर हे चित्र बदलले. एका इमारतीत पाच-सहा पडदे आणि प्रत्येक पडद्यावर दिवसभरात तीन-चार वेगळे चित्रपट, अशी मांडणी झाल्याने भांडण चित्रपटगृहावरून सरकून थेट घड्याळावर आले. राज्याने २००१ च्या सुमारास या संकुलांना करमणूक करात मोठी सवलत दिली आणि मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधनही घातले. ते बंधन खेळांच्या संख्येचे होते. सकाळी साडेनऊचा खेळ लावूनही ती संख्या भरत असे.

'प्राइम टाइम' हा शब्द या वादात शिरला तो यामुळे. ७ एप्रिल २०१५ रोजी राज्य सरकारने जाहीर केले की बहुपडदा चित्रपटगृहांनी सायंकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे सक्तीचे राहील. शब्द दूरचित्रवाणीचा. तिथे जाहिरातीचा दर तासागणिक बदलतो, म्हणून त्या शब्दाला नेमका अर्थ आहे. चित्रपटगृहाच्या भाषेत त्याचे भाषांतर 'सहाचा खेळ' इतके सरळ होते. कचेरी सुटल्यावर, मुलांची शिकवणी संपल्यावर नोकरदार कुटुंब ज्या वेळी बाहेर पडू शकते ती वेळ. घोषणेवर तीव्र टीका झाली. घोषणेची खिल्ली उडवणाऱ्या एका स्तंभलेखिकेच्या शेऱ्यावरून विधिमंडळात हक्कभंगाची नोटीस निघाली, त्या नोटिशीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि मधले दिवस पॉपकॉर्नच्या जागी वडापाव व मिसळ येणार का, या वादात गेले. मूळ प्रश्न त्या गोंधळात हरवला याची मला आजही खंत वाटते.

त्याच आठवड्यात चित्रपटगृहचालकांशी बैठक होऊन तोडगा निघाला आणि वेळ ठरली दुपारी १२ ते रात्री ९. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र तिप्पट रुंद झाला. मंगळवारी दुपारी सव्वाबाराला लावलेला खेळ आता नियमाने 'प्राइम टाइम' ठरू लागला. सक्तीच्या विरोधकांचे म्हणणे निराधार नव्हते, कारण रिकाम्या खुर्च्यांचे भाडे कोणी भरत नाही आणि वर्षाला शंभराहून अधिक मराठी चित्रपट येत असतील, तर प्रत्येक शुक्रवारी सरासरी दोघांना सहाची वेळ कशी द्यायची, हा व्यवहाराचा प्रश्न होताच. परंतु सायंकाळी लागलाच नाही असा चित्रपट प्रेक्षकांनी नाकारला, असे म्हणणे मला मान्य नाही. मी स्वतः कित्येक नवे मराठी चित्रपट सकाळी दहाच्या सुमारास सात-आठ माणसांत पाहिले आहेत आणि पुढच्या गुरुवारपर्यंत ते उतरलेले पाहिले आहेत.

नंतरच्या वर्षांनी दोन्ही बाजूंना पुरावे दिले. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, दिवाळीत, 'कट्यार काळजात घुसली' एका प्रचंड हिंदी चित्रपटासमोर त्याच दिवशी लागला आणि आठवडे टिकला. २९ एप्रिल २०१६ ला आलेल्या 'सैराट'साठी काही गावांत मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. गर्दी असेल तर वेळ आपोआप मिळते, हा युक्तिवाद तेव्हापासून वारंवार ऐकू येतो. त्यात एक गोष्ट सुटते. 'सैराट'ची गाणी प्रदर्शनाआधीच घरोघरी पोहोचली होती आणि दिग्दर्शकाचे नाव 'फँड्री'मुळे ठाऊक होते. अनोळखी चित्रपटाची चर्चा तोंडोतोंडी पसरायला पहिला आठवडा लागतो, आणि त्याला तो आठवडाच मिळत नाही. १ जुलै २०१७ पासून करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला, त्यामुळे करसवलतीच्या बदल्यात अट घालण्याचा राज्याचा जुना मार्गही अरुंद झाला. त्याच डिसेंबरात एका मराठी चित्रपटाच्या खेळांसाठी पुन्हा एका पक्षाला चित्रपटगृहांना पत्रे धाडावी लागली.

२०२३ च्या उन्हाळ्यात तर दोन टोकाचे प्रसंग लागोपाठ घडले. एप्रिलअखेरीस आलेल्या एका ग्रामीण चित्रपटाच्या निर्मात्यांनी खेळच मिळत नसल्याचे सांगून प्रदर्शन थांबवले. दोन महिन्यांनी, ३० जूनला, 'बाईपण भारी देवा' आला आणि मैत्रिणींचे, भिशीमंडळांचे, सासू-सुनांचे गट चित्रपटगृहे भरू लागले. नऊवारी नेसून, गॉगल लावून आलेल्या बायकांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. यातील कित्येक गट आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारचे काम आवरून आले होते. सहाच्या खेळाचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्यांनी दुपारच्या खेळाला दुय्यम मानताना हा प्रेक्षक कधी मोजलाच नव्हता.