फ्लूच्या गोळीसाठी चौथा दिवस उजाडू देऊ नका

सोलापुरात जानेवारीतली गड्ड्याची जत्रा सरली की आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर खोकल्याचे आवाज वाढतात. पावसाळ्यात पुन्हा तेच. आणि दर वेळी मनाला लागतं ते हे, की डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लोक येतात ते चौथ्या-पाचव्या दिवशी. तोवर घरी उरलेली अँटिबायोटिक घेऊन झालेली असते. फ्लू विषाणूमुळे होतो, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

फ्लूवरचं नेहमीचं औषध म्हणजे ओसेल्टामिवीर. विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. त्या प्रतींना पेशीतून सुटून पुढे जायला एक विकर (एन्झाइम) लागतं आणि हे औषध त्या विकरालाच अडवतं. पण प्रती आधीच सगळीकडे पोचल्या असतील तर अडवायचं काय? म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत पहिली गोळी पोटात जावी. धडधाकट माणसाचं दुखणं त्याने साधारण एखाद्या दिवसाने कमी होतं. अशांना डॉक्टर बहुतेकदा विश्रांती आणि पॅरासिटामॉलच सांगतात, आणि ते बरोबरच आहे. खरी गरज असते गरोदर बाईला, लहान बाळाला, पासष्टीच्या पुढच्यांना, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असणाऱ्यांना. वर्षानुवर्षं यंत्रमागाच्या धुळीत काम करून ज्यांना दम लागतो, त्यांनीही ताप अंगावर काढू नये. दुखणं वाढून दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर 48 तास उलटले तरी डॉक्टर हे औषध देतात.

मोठ्यांना 75 मिलिग्रॅमची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ, 5 दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तरी कोर्स पुरा करा. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर घ्या. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, डोस कमी करावा लागतो.

मुलांचा डोस वजनावर. एक मावशी नातवासाठी शेजाऱ्यांकडच्या चार कॅप्सूल घेऊन आल्या होत्या. नातू तीन वर्षांचा, 14 किलोचा. त्याला एका वेळी 30 मिलिग्रॅम लागतात, हातातली कॅप्सूल 75 ची! मुलांसाठी पातळ औषध मिळतं. बाटली हलवून, सोबतच्या पिचकारीनेच मोजून द्या, घरच्या चमच्याने नको. ते मिळालं नाही तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाची कॅप्सूल उघडून पूड गुळाच्या पाण्यात कालवून देता येते, कडवटपणा झाकला जातो. ताप आहे म्हणून मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र कधीही देऊ नका.

घरात एकाला फ्लू झाला म्हणून सगळ्यांनी गोळ्या खायच्या नसतात. घरातल्या जोखमीच्या माणसाला डॉक्टर रोज एक कॅप्सूल, साधारण 10 दिवस देतात. गोळी थांबली की संरक्षणही थांबतं. लशीची जागा ती घेत नाही, लस दरवर्षी घ्यावी लागते.

चिठ्ठीशिवाय आम्ही हे औषध देत नाही, कृपया राग मानू नका. 2017 पासून ते शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे फक्त चिठ्ठीवर आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. प्रत्येक विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून 3 वर्षं जपावी लागते.

धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत गेला किंवा बाळाने दूध-पाणी सोडलं, तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. थेट सिव्हिल किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

एरवी येताना चिठ्ठी आणा, ताप कधी चढला ती वेळ आणि मूल असेल तर त्याचं वजन कागदावर लिहून आणा.