चंबळ नेमकी किती लांब?

इंदूरच्या भंवरकुआं भागात फिरणाऱ्या स्पर्धापरीक्षेच्या नोट्स चाळा. चंबळची लांबी एका वहीत ९६० किलोमीटर, दुसरीत ९६५, तिसरीत १,०२४. एखाद्या जुन्या इंग्रजी ज्ञानकोशात ९०० सुद्धा सापडते. मुलं यावरून हमरीतुमरीवर येतात आणि शेवटी मोबाइल काढून विकिपीडियाला पंच नेमतात. एक आकडा खरा आणि बाकीचे खोटे, याबद्दल मात्र कुणालाच शंका नसते.

बरं, नदी काही परकी नाही. महूजवळ जानापावच्या डोंगरावर उगम, मग उत्तरेकडे गांधीसागर, कोटा आणि शेवटी इटाव्याच्या पुढे यमुना. एवढ्या ओळखीच्या नदीची लांबी ठरू नये?

ठरते, पण कोणत्या पावलाने मोजली ते सांगितलं तरच. ही गोष्ट मला इतकी आवडते की तिच्यासाठी थोडी जागा जास्त खाणार आहे.

समजा नदीचं एक वळण हुबेहूब अर्धवर्तुळ आहे, त्रिज्या ५०० मीटर. कंपासपेटीतलं कर्कटक काढा आणि नकाशाच्या प्रमाणात त्याची टोकं १ किलोमीटरवर ठेवा. एका पावलात वळण पार. लांबी १ किलोमीटर. आता टोकं ५०० मीटरवर आणा. वर्तुळात त्रिज्येएवढी जीवा केंद्राशी ६० अंशांचा कोन करते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणून अर्धवर्तुळाला बरोबर तीन पावलं लागतात आणि लांबी १.५ किलोमीटर भरते. पाऊल आणखी बारीक करत गेलात तर आकडा १.५७ वर जाऊन थांबतो. नदी तीच आहे, वळणही तेच.

खऱ्या नदीचं वळण मात्र इतकं गुळगुळीत नसतं. मोठ्या वळणात लहान वळण आणि लहानात आणखी लहान. त्यामुळे आकडा थांबायचं नाव घेत नाही. पोलिश गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९५४ मध्ये हेच दाखवलं. विस्तुला नदीचा डावा काठ अधिकाधिक बारकाईने मोजत गेलं, तर शाळेच्या नकाशावरून मिळते त्याच्या दहापट, शंभरपट, हजारपटसुद्धा लांबी मिळेल. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांना स्पेन आणि पोर्तुगालच्या एकाच सीमेचे दोन आकडे सापडले होते, ९८७ आणि १,२१४ किलोमीटर. त्यांनी पावलाची लांबी आणि एकूण लांबी यांचा लॉगरिदमचा आलेख काढला, तर तो जवळजवळ सरळ रेषेत आला. त्या रेषेच्या उतारातून एक मिती निघते, म्हणजे रेषा किती वेडीवाकडी आहे ते सांगणारा आकडा. तिला आपण ‘मि’ म्हणू. पाऊल निम्मं केलं की लांबी २ च्या (मि − १) व्या घाताइतकी पट होते. मिती १.१ धरली तर वाढ सुमारे ७ टक्के. ९६० आणि १,०२४ मधला फरक काढून बघा, तोही पावणेसात टक्क्यांच्या आसपासच आहे! त्या दोन आकड्यांमागे हेच कारण आहे असं मी म्हणत नाही. एवढ्या फरकासाठी कुणी खोटं बोलायची गरज नाही, इतकंच.

नदीच्या बाबतीत एक सवलत आहे. काठाऐवजी प्रवाहाची मधली रेषा धरली, तर पात्राच्या रुंदीपेक्षा लहान वेडीवाकडी वळणं आपोआप गळतात आणि आकडा बऱ्यापैकी स्थिरावतो. पण गांधीसागराच्या पसरलेल्या पाण्यात मधली रेषा कुठून काढायची? धरण १९६० मध्ये पूर्ण झालं. त्याआधीच्या नकाशात तिथे जुनं पात्र आहे, नंतरच्या नकाशात तलाव. म्हणजे मोजणीचं सालही हवं.

कधी कधी आकडा चक्क चुकलेलाही असतो म्हणा. ऱ्हाइनची लांबी जर्मन पुस्तकांत कित्येक दशकं १,३२० किलोमीटर छापली जात होती. कोलोनच्या एका जीवशास्त्रज्ञाने २०१० मध्ये दाखवून दिलं की ती १,२३० च्या आसपास आहे. कुणीतरी २ आणि ३ ची अदलाबदल केली आणि पुढच्यांनी एकमेकांचं उतरवून घेतलं, असा त्यांचा कयास होता. म्हणून दहा संदर्भ दिसले तरी हुरळून जाऊ नये. विकिपीडियावरच्या लेखाच्या ‘इतिहास’ पानावर जाऊन आकडा कुणी, कधी, कशाच्या आधारावर घातला ते बघावं. लेखातला आकडा बातमीत जातो आणि तीच बातमी उलट लेखाचा संदर्भ होते, हा प्रकार सर्रास चालतो.

दुसरी खोट म्हणजे पुराण आणि भूगोल एकाच वाक्यात कोंबणं. रंतिदेव राजाच्या यज्ञांतून चंबळ निघाल्याची कथा महाभारतात आहे, ती ‘महाभारतानुसार’ म्हणून जरूर लिहा. पण ‘चंबळ शापित, म्हणून तिचं पाणी कुणी पीत नाही आणि म्हणून ती स्वच्छ’ हे कुठल्या खात्यात टाकायचं? अख्खं कोटा शहर तिचं पाणी पितं. नागद्याखालच्या पट्ट्यात औद्योगिक सांडपाण्याने तिची काय दशा केली, तेही सर्वांना ठाऊक आहे. खालच्या अंगाला घडियाल (लांब जबड्याच्या मगरी) टिकले, त्यामागे कमी वस्ती आणि अभयारण्य आहे.

सुधारणा करताना एक पथ्य पाळावं लागतं. गूगल अर्थवर स्वतः रेघ ओढून काढलेली लांबी विकिपीडियावर चालत नाही, स्वतःचं संशोधन तिथे वर्ज्य आहे. प्रकाशित, तपासता येणारा स्रोतच हवा. स्रोतांत फरक असेल तर लेखाच्या कडेच्या माहितीचौकटीत एकाच आकड्याला गादीवर बसवू नये. ‘९६० ते १,०२४ किमी, स्रोतांनुसार’ असं लिहावं, प्रत्येकाला संदर्भ जोडावा आणि नकाशाचं प्रमाण व साल मिळालं तर तेही द्यावं. आणि पाणलोट क्षेत्र लांबीच्या वर घ्यावं. पाऊल बारीक केल्यावर सीमारेषा लांबत जाते, पण आतलं क्षेत्रफळ फारसं हलत नाही. चंबळचं ते सुमारे १ लाख ४३ हजार चौरस किलोमीटर आहे.