दोन पाकोळ्या: एक पक्षी, एक वटवाघूळ

तिन्हीसांजेला जुन्या वाड्याच्या छज्ज्याखाली काळं काहीतरी भिरभिरतं आणि कुणीतरी म्हणतं, "पाकोळ्या आल्या." कोणत्या, ते त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत पाकोळी हा पक्षीही आहे आणि लहान वटवाघूळही. दोघंही माणसाच्या घराला धरून राहतात, उडते किडे खातात, आणि सूर्य बुडाल्यानंतरची थोडी मिनिटं एकाच आकाशात असतात.

त्या वेळात दिशा बघावी. पक्षी दिवसभराची भटकंती आटोपून घरट्यात शिरत असतो, वटवाघूळ तेव्हा कुठे फटीतून बाहेर पडत असतं. शिरणारे आणि निघणारे दहा मिनिटं मोजले, की निम्मा निकाल लागतो.

उरलेला निम्मा पंखांवरून. घरांवर वस्ती करणारी पक्षी-पाकोळी, जिला पक्षीनिरीक्षक हाउस स्विफ्ट म्हणतात, सुमारे १५ सेंटिमीटर लांब असते. पंख कोयत्यासारखे, ताठ. चार-सहा वेळा फडफड, मग लांब तरंगणं. वळताना कमरेवरचा पांढरा पट्टा चमकतो, आणि थव्याची किणकिणती किलबिल गल्लीभर ऐकू जाते. घराच्या फटीत राहणारं, पिपिस्ट्रेल नावाचं लहान वटवाघूळ तरंगत नाही. ते सतत फडफडतं आणि मध्येच गिरकी घेऊन मागे फिरतं; वजन जेमतेम ३ ते ६ ग्रॅम. त्याचा शिकारीचा आवाज ४० किलोहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वरचा, आपले कान २० वर थांबतात. बॅट डिटेक्टर, म्हणजे हा आवाज आपल्याला ऐकू येईल असा करणारं यंत्र, ४५ वर लावलं तर टपटप ऐकू येते. किडा टप्प्यात आला की ती इतकी जलद होते की एकच घर्र लागते.

तारेवर ओळीने बसलेले पक्षी पाकोळ्या नव्हेत, त्या भिंगऱ्या. पाकोळीचे पाय इतके आखूड की तिला तारेवर बसताच येत नाही. ती खडबडीत भिंतीला नख्यांनी लटकते. पिपिस्ट्रेलही लटकतं, पण उलटं, नाहीतर फटीत अंग घुसवून.

दिवसा उडणारं कुणी दिसलं नाही, तर खालची घाण बघावी. पक्ष्याच्या विष्ठेत पांढरा भाग असतो. वटवाघळाची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, काळपट, त्यात पांढरं काही नसतं. हातमोजा घालून ती काडीने दाबली की भुसभुशीत होऊन विस्कटते आणि आत किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. उंदराची वाळलेली लेंडी अशी विस्कटत नाही. साठलेली घाण कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, मास्क लावून भरावी. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसाला बाधू शकते.

पंखाची रचना पाहिली तर नातं किती दूरचं आहे ते कळतं. वटवाघळाचा पंख म्हणजे चार लांबलेली बोटं आणि त्यांच्यात ताणलेली कातडी, वर मोकळा नखवाला अंगठा. पाकोळीच्या पंखात बाहूचं हाड अगदी आखूड, बहुतेक लांबी हाताच्या पुढच्या भागाची आणि पिसांची. एक सस्तन, पिल्लाला दूध पाजणारं. दुसरी अंडी घालते आणि पिसं-गवत लाळेने चिकटवून घरटं बांधते.

आता गंमत बघा. अंधारात प्रतिध्वनीवर वाट काढणं ही वटवाघळांचीच मक्तेदारी असं आपण धरून चालतो. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर, गुहांच्या मिट्ट काळोखात भारतीय पाकोळी (इंडियन स्विफ्टलेट) या वेगळ्या जातीची वसाहत आहे. त्या पाकोळ्या 'टिक-टिक' करतात आणि प्रतिध्वनीवरून आपलं घरटं शोधतात. ही टिकटिक माणसालाही ऐकू येते. मात्र तेवढ्यावर किडा पकडता येत नाही. शिकार त्या बाहेर, उजेडात, डोळ्यांनी करतात. उलट आपलं मोठं फळखाऊ वटवाघूळ प्रतिध्वनी वापरतच नाही. या पाकोळ्यांची लाळेची घरटी खाद्य म्हणून महाग विकली जातात, म्हणून चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्यांच्या रक्षणाचं काम केलं.

जमिनीवर पडलेली पाकोळी धडधाकट असली तरी सपाट जागेवरून तिला सहज उडता येत नाही. उघड्या तळहातावर ठेवून छातीइतक्या उंचीवर धरावी, हवेत भिरकावू नये. तयार असली तर स्वतः निघते. वटवाघळाला उघडा हात अजिबात लावू नये. जाड कापडाने खोक्यात घ्यावं आणि अंधार पडल्यावर खोकं भिंतीला तिरपं टेकवावं, म्हणजे ते चढून जाऊन उंचीवरून झेप घेईल. चावलंच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरकडे जावं.

फट बुजवताना सगळ्यात जास्त चुका होतात. दुपारी सिमेंट भरलं की आतली वटवाघळं आतच मरतात आणि चार दिवसांत वास सुटतो. आधी फटीवर खाली मोकळी राहणारी जाळी लावावी, म्हणजे बाहेर जाता येतं, परत शिरता येत नाही. सलग काही रात्री कुणी बाहेर पडत नाही हे पाहून मगच भरावी, करंगळीएवढी फटही सोडू नये. अमुक महिन्यात पिल्लं नसतात असं धरून चालू नये, कारण काही लहान जाती वर्षातून एकाहून अधिक वेळा वितात. टॉर्च मारून आत उघडी गुलाबी पिल्लं दिसली, तर ती उडती होईपर्यंत काही आठवडे थांबणं भाग आहे. पाकोळ्यांच्या घरट्यांनाही विणीपुरतंच महत्त्व नाही. मोठ्या पाकोळ्या एरवीही रात्री त्यातच झोपतात.