कैद्यांची जहाजं आणि काडाच्या वेणीवरची बंदी

टाकाऊ मालातून हाताने घडवलेल्या शिडाच्या जहाजांचा विषय निघाला की इंग्लंडमधल्या फ्रेंच युद्धकैद्यांपाशी यावंच लागतं. छोटी जहाजं त्याआधीही होत होती. युरोपच्या किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये नवसाची जहाजं टांगलेली असत. सतराव्या शतकात इंग्रज नौदलासाठी युद्धनौकांच्या लाकडी प्रतिकृती बनत, बहुतेक १:४८ या प्रमाणात. पण त्यांच्यासाठी निवडक लाकूड, पगारी कारागीर आणि आराखडे, सगळंच हाताशी असे. स्वयंपाकघरातली हाडं आणि फळकुटं जमवून तीन डोलकाठ्यांची युद्धनौका उभी करण्याचा उद्योग बहरला तो ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातल्या १७९३ ते १८१५ या युद्धकाळात.

आधीच्या युद्धांत कैद्यांची अदलाबदल होई आणि खलाशी फार काळ अडकून पडत नसत. १८०३मध्ये युद्ध पुन्हा पेटलं तेव्हा फ्रान्सने तिथे आलेल्या इंग्रज प्रवाशांनाही अडकवलं आणि अदलाबदलीचं गाडं रुतलं. १८१०मध्ये फ्रान्समधल्या मोर्ले इथल्या वाटाघाटीही फसल्या. परिणामी हजारो माणसं वर्षानुवर्षं बंदिस्त राहिली. काही पोर्ट्समथ, प्लिमथ, चॅटमच्या बंदरांत डोलकाठ्या उतरवलेल्या जुन्या युद्धनौकांवर, काही पोर्चेस्टरच्या किल्ल्यात, काही १८०९मध्ये सुरू झालेल्या डार्टमूरच्या तुरुंगात. पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉसची छावणी तर खास युद्धकैद्यांसाठी बांधलेली. १७९६-९७च्या हिवाळ्यात घाईने उभारलेल्या तिथल्या लाकडी बराकींत पाच-सहा हजार माणसं राहत. त्यांत सक्तीने सैन्यात भरलेले सुतार होते, सोनार होते, हाडांवर कोरीव काम करणारेही होते. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण ही जहाजं नवशिक्यांच्या हातची वाटत नाहीत.

कच्चा माल मुदपाकखान्यातून येई. शिध्यातल्या गोमांसाची आणि मटणाची हाडं उकळून, उन्हात पांढरी करून त्यांच्या पातळ पट्ट्या कापत. आत लाकडाचा ठोकळा किंवा सांगाडा आणि त्यावर पितळेच्या बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या या हाडाच्या फळ्या. दोरखंडासाठी रेशीम, सूत किंवा घोड्याचे केस. तोफा पितळेच्या. कित्येक जहाजांत मागची दोरी ओढली की सगळ्या तोफा एकदम आत जातात. प्रमाणाशी मात्र यांचं फारसं जमत नाही. डोलकाठ्या अवाजवी उंच आणि नाळेवरचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचा, पुतळा धिप्पाड, कारण आराखडा हाताशी नव्हता, सगळी भिस्त आठवणीवर. नाव मात्र बहुधा इंग्रज युद्धनौकेचं. गिऱ्हाईक इंग्रज होतं, त्यामुळे यात नवल नाही.

हे गिऱ्हाईक छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात येई. तिथे काय विकायचं आणि काय नाही हे सरकारने ठरवून दिलं होतं आणि जहाजांच्या कहाणीतला खरा वादाचा भाग इथेच आहे. बहुतेक लेखक तो एका वाक्यात उरकतात.

कैद्यांचा सर्वांत किफायतशीर धंदा जहाजांचा नव्हताच. तो होता गव्हाच्या काडापासून टोप्यांसाठी वेण्या विणण्याचा. युद्धामुळे इटलीहून येणारी वेणी दुर्मिळ झाली होती, भाव चढले होते. बेडफर्डशर, हर्टफर्डशर भागातल्या गरीब बायका आणि मुलं याच कामावर पोट भरत. कैद्यांना ना घरभाडं ना कर, आणि जेवण सरकारी. त्यांची वेणी स्वस्त पडणारच. तक्रारी झाल्या आणि कैद्यांनी वेणी विणण्यावर बंदी आली. पोर्चेस्टरला कैद्यांनी लेसचं काम वाढवलं होतं, तेही अशाच कारणाने बंद पाडलं.

बंदीने धंदा थांबला नाही, तो कुंपणाखाली गेला. काड आत आणायचं आणि वेणी बाहेर न्यायची, यात पहाऱ्यावरचे शिपाईसुद्धा सामील असत. बराकींची झडती घेऊन सापडलेल्या वेण्यांची होळी केली जाई. बंदीची बाजू घेणारे म्हणतात की राबणाऱ्या गावकऱ्यांचं पोट वाचवायला दुसरा उपाय नव्हता, आणि त्यात तथ्य आहे. पण पोसायचं सरकारने, त्याची झळ बसायची गावातल्या विणणाऱ्या बायकांना आणि शिक्षा कैद्याला, ही वाटणी मला तरी न्याय्य वाटत नाही. मजुरीचा दर ठरवून देता आला असता.

हाडाचं जहाज मात्र कुणाच्या चुलीवर पाणी ओतत नव्हतं. आसपासच्या कुठल्याही गावात तो धंदा नव्हता, म्हणून त्याला मोकळीक होती. दर्यावर्दी माणसाची समुद्राची ओढ वगैरे कारणं नंतर जोडली गेली. माझ्या मते काडाची वेणी खुली असती तर आज संग्रहालयांत इतकी जहाजं दिसली नसती.

१८१४मध्ये नॉर्मन क्रॉस रिकामं झालं आणि दोन वर्षांत बराकी मोडून लाकूड विकलं गेलं. तिथल्या वस्तूंचा मोठा संग्रह आज पीटरबरोच्या संग्रहालयात आहे. १९१४मध्ये मृत कैद्यांच्या स्मरणार्थ नॉर्मन क्रॉसला स्तंभ उभारला. त्यावरचा कांस्याचा गरुड १९९०मध्ये चोरीला गेला आणि २००५मध्ये नवा बसवला.

खरी गुंतागुंत विसाव्या शतकात झाली. या जहाजांवर करणाऱ्याची सही क्वचितच असते. त्यामुळे हाडाचं कोणतंही जुनं जहाज लिलावात ‘कैद्याचं’ म्हणून येऊ लागलं. त्यात नंतरच्या काळातली फ्रेंच कारागिरीही मिसळली. दोर कुजलेल्या जहाजांना हौशी मंडळींनी नवे दोर बांधून घेतले, म्हणजे जहाज जुनं आणि दोर कालचा. दोर माणसाच्या केसांचा असल्याचं तर सर्रास सांगितलं जातं. प्रत्येक वेळी ते तपासलेलं असतं असं नाही.

आता भर पडली आहे ती कायद्याची. ब्रिटनचा हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा २०१८चा, तो जून २०२२पासून लागू झाला. २०२५च्या जानेवारीत स्पर्म व्हेल आणि पाणघोड्याच्या दातांचाही त्यात समावेश झाला. हाड त्यात येत नाही. त्यामुळे शंभर वर्षं जो तपशील कुणी फारसा मनावर घेत नव्हतं तो आता पहिल्यांदा विचारला जातो : हाड की दात? हाडावर भिंगातून बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी असते. फळ्या हाडाच्या आणि नाळेवरचा बोटभर पुतळा हस्तिदंती, असंही निघतं. मग त्या पुतळ्यापायी अख्ख्या जहाजाच्या विक्रीसाठी सूट मिळवावी लागते.