पाच बाय पाचचा कर्ण

आमच्याकडे केळी पाच बाय पाच फुटांवर लावतात. सुतळी ताणून खुणा झाल्या की चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे का, हे बघायला टेप तिरपा धरायचा. सात फूट एक इंच, म्हणजे ८५ इंच भरले की पुढे चला. पण हिशेब करून बघा: ६० चा वर्ग दोनदा मिळवला तर ७२०० होतात आणि ८५ चा वर्ग होतो ७२२५. मग तो कर्ण नेमका किती?

रोपं मोजायला १, २, ३ पुरतात. उधारी मांडायला शून्य आणि ऋण संख्या घेतल्या की झाल्या पूर्णांक संख्या. त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार काहीही करा, उत्तर पूर्णांकच. भागाकाराला मात्र गाडी अडते. कळण्याच्या पाच भाकरी दोघांत वाटल्या की अडीच! आपल्या जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकली ती याच अपूर्णांकांसाठी. पूर्णांकाला शून्य सोडून दुसऱ्या पूर्णांकाने भागून जी मिळते, ती परिमेय संख्या.

या संख्या फार दाट असतात. पाऊण आणि एक यांच्या मधोमध सात अष्टमांश, मग पाऊण आणि सात अष्टमांश यांच्या मध्येही एक, असं कितीही चालू ठेवा. वाटतं, संख्यारेषेवर आता सुईलाही जागा नाही.

जागा आहे. समजा, कर्ण भागिले बाजू हा अपूर्णांक क/ख आहे आणि त्याला संक्षेप देऊन झाला आहे. मग क चा वर्ग ख च्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे क सम. सम संख्येच्या वर्गाला चारने भाग जातो, म्हणून ख चा वर्ग सम आणि ख सुद्धा सम. दोन्ही सम, तर दोनने अजून संक्षेप द्यायचा राहिलाच होता की! म्हणजे असा अपूर्णांकच नाही. दोनचं वर्गमूळ अपरिमेय.

दशांशातही हा फरक दिसतो. १ ला ७ ने भागताना बाकी फक्त १ ते ६ यांपैकीच उरू शकते, त्यामुळे कधीतरी जुनी बाकी परत येते आणि १४२८५७ ची रांग पुन्हा सुरू होते. दोनच्या वर्गमुळाला, म्हणजे १.४१४२१३५६… ला अशी आवर्तनं नाहीत.

भास्कराचार्य बाराव्या शतकात अशा मुळांना ‘करणी’ म्हणत आणि त्यांची बेरीजही करत: २ आणि ८ यांच्या करणी मिळवल्या की १८ ची करणी. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. शके ११२८ चा तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो.

परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या. त्यांनी रेषेवरची सगळी छिद्रं बुजतात, ही गोष्ट जर्मन गणिती रिशार्ड डेडेकिंडने काटेकोरपणे मांडली, तीही १८७२ मध्ये.

आमचा टेप अजून ८५ वरच थांबतो. फरक चार मिलिमीटरसुद्धा नाही, केळीचं काही अडत नाही.