हार्डवेअर घड्याळाविना संगणकाची वेळ

बहुतेक संगणकांत रिअल टाइम क्लॉक ही चिप असते. यंत्र बंद असतानाही ती बटणसेलवर चालत राहते. रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डावरच्या संगणकाच्या ४ पर्यंतच्या मॉडेलांत आणि बऱ्याच वायफाय राउटरांत ती नसते. वीज गेली की त्यांची वेळही पुसली जाते. त्यांच्यावर चालणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीची मोजणी मग १ जानेवारी १९७० पासून, म्हणजे भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचपासून, सुरू होते. त्या तारखेला संकेतस्थळांची ओळख पटवणारी आजची सुरक्षा-प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नसतात, त्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत.

यावरचा सोपा उपाय म्हणजे वेळ फाइलमध्ये लिहून ठेवणे. डेबियन या लिनक्स-प्रकारातला 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' हा प्रोग्राम दर तासाला आणि यंत्र रीतसर बंद होताना वेळ लिहितो व सुरू होताना तीच लावतो. ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्स-प्रणाली असलेले राउटर सेटिंगच्या फाइलींतल्या सर्वांत ताज्या फाइलची तारीख घेतात. प्रमाणपत्रांपुरते एवढे पुरते, नोंदींना मात्र पुरत नाही.

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तिथे पातळी नोंदवायला घड्याळ नसलेला असा एक छोटा संगणक-बोर्ड बसवला आहे असे समजा. फाइलमध्ये २:१७ ची वेळ लिहिली गेली, २:४० ला ३९ फुटांची नोंद झाली आणि लगेच वीज गेली. ती ५:४० ला आली, तेव्हा पाणी ४० फुटांवर होते. बोर्ड मात्र ही नोंद २:१७ ची धरतो. तीन तासांत फूटभर चढलेले पाणी कागदावर उतरलेले दिसते. पुराच्या नोंदीत याहून घातक चूक नाही, कारण लोकांना कधी हलवायचे हे पाणी चढण्याच्या वेगावरच ठरते.

खरी वेळ बाहेरूनच आणावी लागते. नेटवर्क असेल तर एनटीपी सर्व्हरकडून, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या संगणकाकडून, ती मिळते. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. पण ऐन पुरात नेटवर्कही जाते. म्हणून अशा ठिकाणी डीएस३२३१ या रिअल टाइम क्लॉक चिपचे छोटे मॉड्यूल जोडावेच. ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात ते वर्षाला जास्तीत जास्त मिनिटभर चुकते.

मॉड्यूल नसेल तर प्रत्येक नोंदीसोबत यंत्र कितव्यांदा सुरू झाले तो क्रमांक आणि सुरू झाल्यापासूनचे सेकंद लिहावेत. सात वाजता नेटवर्क आले आणि तेव्हा ४,८०० सेकंद झालेले असले, तर यंत्र ५:४० ला सुरू झाले हे कळते आणि मधल्या सगळ्या नोंदींना खरी वेळ लावता येते.